खिशाकडे गेलेला हात

लाकडी फळ्या एकापाठोपाठ एक खोबणीत बसत गेल्या, त्याचा खाड् खाड् आवाज वैजूशेठच्या कानातून कधी गेलाच नाही. थोरल्या दिगंबरला त्याने तालुक्याला दुकान थाटून दिलं होतं. पोराने वर्षभरात ते उडवलं. शेवटच्या दिवशी दुकानाला फळ्या लावायला बापच गेला होता.

"...मग या धाकटीचं तरी काय करू, बाबा? हीसुद्धा त्याच वाटेने गेली तर?"

लहानूबाबा मठीच्या ओट्यावर वाती वळत बसले होते. समोरच शुक्रवारचा बाजार भरला होता.

"काय शिकवलंस तिला?"

"सगळं शिकवलंय. शेवंते, म्हण गं."

नऊ वर्षांची शेवंता हात बांधून उभी राहिली. थेंबे थेंबे तळे साचे. अंथरूण पाहून पाय पसरावे. साऱ्या म्हणी तिने एका दमात घडाघडा म्हणून टाकल्या.

वैजूशेठने मिशीवरून हात फिरवला.

"पोपट गोड आहे," बाबा म्हणाले. "बाजारात सोड."

"म्हणजे?"

"दोन रुपये दे तिला. आणि तू इथे बस, माझ्याजवळ."

"मी हिरव्या बांगड्या भरणार!" असं ओरडतच शेवंता पळाली.

पण वाटेत भिंगरीवाला होता. त्याने एक लाल भिंगरी वाऱ्यावर धरली. ती भिरभिर फिरली, आणि पोरीचे दोन्ही रुपये गेले.

कासारणीच्या पालापर्यंत पोचायच्या आत भिंगरीचं पातं निखळून पडलं.

शेवंता बांगड्यांच्या ढिगासमोर उभी राहिली. मूठ उघडून बघितली. मग रडत रडत ओट्याकडे आली.

"अप्पा..."

वैजूशेठचा हात खिशाकडे गेला.

बाबांनी वात खाली ठेवली आणि त्याचं मनगट धरलं.

"सोडा बाबा. लेकरू रडतंय."

"रडू दे."

"अहो, दोन रुपयांनी मला काय होतंय?"

"तुला काहीच होत नाही, वैजू... तेच तर."

तिकडून कासारीण ओरडली, "का हो शेठ, गल्ला चोरीला गेला काय? चार बांगड्यांसाठी पोरीला रडवताय ते!"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. वैजूशेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गावात त्याला आजवर कोणी चिक्कू म्हटलं नव्हतं.

म्हाताऱ्याची पकड ती केवढीशी! एका हिसड्यात सुटली असती.

त्याने हिसडा दिला नाही.

शेवंताने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बाबांकडे. परकराने नाक पुसलं आणि भिंगरीची नुसती काडी घेऊन ती घरी गेली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन रुपये. या खेपेला वैजूशेठ आपणहूनच दोन्ही हात मांडीखाली दाबून ओट्यावर बसला.

"आलीस का ताई!" भिंगरीवाला म्हणाला. "आज निळी घे."

शेवंताने भिंगरी हातात घेतली. पातं हलवून पाहिलं.

"खिळा सैल आहे याचा," ती म्हणाली आणि भिंगरी परत ठेवून पुढे निघाली.

कासारणीपाशी मात्र ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली.

"किती घुटमळतेस? दोन रुपये डझन."

"आत्ता त्या दोघींना दीड रुपयाने दिल्या. मी बघत होते."

"अगं बाई! शेठची लेक आणि घासाघीस करते?"

"शेठचे नाहीत, माझे पैसे आहेत."

कासारणीने कपाळावर हात मारला, हसली आणि तिचे हात पुढे ओढून घेतले.

शेवंता आली ती दोन्ही हात उंच धरून. मनगटं हिरवीगार. परकराच्या कडेला एक गाठ.

"अप्पा, आठ आणे उरले!"

"आण इकडे, मी ठेवतो."

"नको. माझ्याजवळच राहू देत."

बांगड्या वाजवत ती घराकडे पळाली.

वैजूशेठने मांडीवर थाप मारली. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "जिंकली हो बाबा! माझी वाघीण जिंकली!"

बाबाही हसले. बोळक्या तोंडाने, पोटभर.

मग वैजूशेठचं हसू ओसरलं. त्याने आतल्या खिशातून नोटांची घडी काढली.

"दिगंबरचं पत्र आलंय. दर महिन्याला येतं तसंच, पैशांसाठी. हे घेऊन पोस्टात निघालो होतो, मनीऑर्डर करायला." त्याने घडी उलटीसुलटी केली. "पोर लहान होती, निभावलं. हा एवढा बाप्या झालाय... याला आता कोण शिकवणार, बाबा?"

बाबांनी पुन्हा कापूस हातात घेतला. एक वात झाली. दुसरी झाली...

"त्याला कधी रडू दिलंस का?"

वैजूशेठने नोटा आतल्या खिशात घातल्या. उठला. पोस्टाची वाट मागे टाकून तो घराकडे चालू लागला.