सोनसळी कुणाची?

"गुळाचं नाव बदल, नाहीतर गुऱ्हाळ बंद!" शिपायानं हुकूम वाचला आणि सारजाच्या हातातली ढेप हातातच राहिली.

झालं होतं असं. जगधीर राजानं डोंगरावर नवी राजधानी वसवली आणि मोठ्या थाटात तिचं नाव ठेवलं, सोनसळी. नंतर कळलं, की घाटाखाली याच नावाचं तीस घरांचं खेडं आहे. नदीवर याच नावाची होडी आहे. पेठेत सोनसळी तपकीर मिळते, आणि सारजाच्या गुऱ्हाळातला गूळ तर तिच्या सासूच्या सासूपासून सोनसळी म्हणूनच विकला जातो!

राजा खवळला. "आमच्या राजधानीचं नाव ऐकून लोकांना शिंका याव्यात?"

लगेच नाव-खातं उघडलं. खेड्याचं 'खेडे क्रमांक सात' झालं. होडीला नाव सुचेना, म्हणून ती काठाला बांधून ठेवली. लोक पोहत नदी ओलांडू लागले. जाता जाता राजाचंच नाव असलेल्या राज्यातल्या सहा जगधीरांचीही नावं बदलली. त्यातल्या एकाचं लग्न त्याच आठवड्यात होतं. भटजींनी चुकून जुनं नाव घेतलं, म्हणून ते लग्न अजून तपासात आहे!

सारजा तडक राजधानीत गेली. सोबत नवरा होता, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. दरबारातल्या गर्दीत तो मागं खांबापाशीच अडकला.

"महाराज," सारजा म्हणाली, "गिऱ्हाईक माझा गूळ नावानं ओळखतं. नाव गेलं की गिऱ्हाईक गेलं. ऊस तोडून दारात पडलाय, चार दिवसांत वाळून जाईल."

"एका नावाचे दोन धनी? लोकांचा गोंधळ होईल!"

"होत नाही, महाराज."

"अस्सं? मग आम्हाला ज्या नावानं हाक मारतात, त्याच नावाला ओ देणारा दुसरा माणूस या राज्यात दाखव. आत्ता, इथंच! दाखवलास तर हुकूम मागं. नाही दाखवलास तर गुऱ्हाळाला कुलूप!"

दिवाण खुदकन हसले. सहाच्या सहा जगधीरांचा बंदोबस्त त्यांनी जातीनं केला होता.

"दाखवते की!" सारजानं पदर सावरला, मान मागं वळवली आणि खणखणीत हाक मारली, "अहो!"

"ओ!" राजा सिंहासनावरून अर्धा उठला.

"ओ!" सेनापती दचकून ताठ झाले.

"आलो, आलो!" दिवाणांनी तर जोडे शोधायला सुरुवात केली.

दुसऱ्याच क्षणी सगळ्यांनी सारजाकडे पाहिलं आणि ओशाळून एकेक जण खाली बसला. गर्दीतून ढेप सांभाळत एकटा तिचा नवरा पुढं आला. "काय गं?"

"काही नाही. महाराजांना तुमचं नाव हवं होतं."

"हे काय नाव झालं?" दिवाण ओरडले.

"मग जोडे कशाला शोधत होतात, दिवाणजी?"

पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू ऐकू आलं. "खरं आहे बाई. लग्नाला वीस वर्षं झाली, मी यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नाही!"

राजा लाल झाला. "पण पाहिलंस ना? आम्ही सगळेच उठलो! हाच तो गोंधळ!"

"उठलात, महाराज. पण हाक कुणाची ते पाहिलंत आणि बसलात. आला तो माझाच! गिऱ्हाईकही तसंच. सोनसळी मागायला पिशवी घेऊन आलेल्याला कुणी राजधानी बांधून देतं का? रोज तिन्हीसांजेला या राज्यात हजारो बायका 'अहो' म्हणतात. आजवर कुणाचा नवरा चुकून शेजारणीच्या पाटावर जेवायला बसलाय?"

राजा असा खदखदून हसला, की मुकुट घसरून कानावर आला. त्यानं हुकूम टराटरा फाडला, हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाला दिलं आणि डोळे पुसत म्हणाला, "दिवाणजी, नाव-खात्याची इमारत आजच रिकामी करा. सारजाबाईंना गुळासाठी वखार लागेल!"