झऱ्याची किल्ली

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रात एक बेट होतं. बेटावर गोड्या पाण्याचा एकच झरा. पलीकडच्या बलाढ्य राजाने तो कुलूपबंद केला आणि म्हणाला, "लेकरं अजून लहान आहेत. शहाणी झाली की देऊन टाकीन. माझं व्रतच समजा हे."

तेव्हापासून घरटी दिवसाला एक घागर. आजोबा झालेली माणसंसुद्धा राजाच्या लेखी लेकरंच!

पुढे आसपासच्या सात राज्यांनी पाच पंच नेमले. ज्याची भूमी त्याला परत मिळते की नाही, हे त्यांनी बघायचं. काही राजांनी त्यांना दारातूनच हाकललं. हा राजा मात्र मोठा गोडबोल्या. पंचांना बेटावर आणायला दरवर्षी नाव पाठवायचा. त्याचा प्रधान रेशमी रुमालात अहवाल द्यायचा, वर पुरणपोळीचं जेवण. पंच तृप्त होऊन लिहायचे, "राजाचं सहकार्य उत्तम." बारा वर्षं हेच! सांगतानाही संताप येतो, बायांनो.

तेराव्या वर्षी पंगतीत वाढायला बेटावरचीच एक बाई होती. घरी बाळंतीण सून, आणि घागर सकाळीच रिकामी. इथे मात्र पंचांच्या पायांवर घागरी ओतल्या जात होत्या. तिने तुपाची वाटी खाली ठेवली.

"प्रधानजी, राजाचं व्रत ना हे? मग उद्यापन कधी?"

प्रधान हसला. "बाई, तुम्हाला कारभारातलं काय कळतं?"

"व्रतातलं कळतं! आम्ही सोळा सोमवार केले, तर सतराव्याला उद्यापन करतो. दान द्यायचं, तर हातावर पाणी घेऊन उदक सोडतो. तुमचं बारा वर्षं नुसतं 'देतो, देतो'. पळी अजून कोरडीच! आणि पंचहो, तुम्ही काय नुसतं जेवायलाच येता?"

थोरल्या पंचाचा घास हातातच राहिला. "माय, चुकलं आमचं," तो म्हणाला. "ज्यांचं पाणी, त्यांना आम्ही कधी विचारलंच नाही."

तो भरल्या पानावरून उठला. मागोमाग चौघेही उठले. "प्रधानजी, राजाने उदक सोडेपर्यंत आमच्या सातही राज्यांच्या बंदरांत तुमची एकही नाव लागणार नाही."

व्यापार थांबला, तशी राजाला जाग आली. महिन्याभरात तो स्वतः बेटावर आला. त्याने झऱ्याची किल्ली तळहातावर धरली आणि बाईने पळीने त्यावर पाणी घातलं. ते किल्लीवरून ओघळलं आणि किल्लीसकट तिच्या दुसऱ्या हातात आलं.

त्या दिवशी तिने नातवाला पहिल्यांदाच भरपूर पाण्याने न्हाऊ घातलं. देवाने सगळ्यांच्या घागरी अशाच भराव्यात.

बोध एवढाच, लहानथोरांनो: गोड बोलून पाहुणचार केला म्हणजे न्याय होत नाही; जे दुसऱ्याचं आहे, ते त्याच्या हातात द्यावंच लागतं.