दिवा विझण्याची उंची

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हाची. एका वाडग्यासारख्या खोल दरीच्या तळाशी एक गाव वसलेलं होतं. चारी बाजूंनी कडे, त्यामुळे वारा तिथं अंग चोरूनच उतरायचा.

त्या गावात सुभानजी नावाचा गृहस्थ होता. कुणी काहीही सांगो, तो चार नेमके प्रश्न विचारी आणि खोटं उघडं पाडी. दोन भोंदूबाबांना त्यानंच गावाबाहेर घालवलं होतं. त्यामुळे सुभानजी काय म्हणतो, याकडे गावाचे कान असत.

एका उन्हाळ्यात खालच्या आळीत कोंबड्या मरू लागल्या. ना जखम, ना रोग. मग मुंगसं मेली. गावातली कुत्री उंच ओट्यांवर चढून बसू लागली आणि तासन् तास खाली मोकळ्या जमिनीकडे बघत राहू लागली. तिथं तर काहीच नव्हतं.

भिवराआजीचा जन्म विहिरी खणण्यात गेला होता. विहिरीत उतरण्याआधी दोरीनं दिवा खाली सोडायचा आणि तो विझला तर उतरायचं नाही, हे तिला ठाऊक. तिनं तसाच दिवा देवळापुढच्या अंगणात खाली नेला. घोट्याजवळ येताच तो विझला, कुणी चिमटीत धरावा तसा. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तिनं देवळाच्या खांबावर कोळशानं खूण केली. मग ती रोज दिवा नेई आणि रोज खूण करी. महिन्याभरात खूण गुडघ्याशी आली.

आजीनं गाव गोळा केलं. जमिनीच्या भेगांतून वाईट हवा येतेय, तळाशी साचतेय, वर चढतेय, तेव्हा सगळ्यांनी पठारावर राहायला चलावं, असं तिनं सांगितलं.

सगळ्यांनी सुभानजीकडे पाहिलं. त्याचे प्रश्न तयारच होते. जी हवा दिसत नाही, जिला वास नाही, ती आहे कशावरून? तेलात भेसळ नसेल कशावरून? विहिरीतला नियम मोकळ्या अंगणाला कसा लागू होतो? आणि एका महिन्याच्या खुणांवर बापजाद्यांची घरं सोडायची? मग त्यानं तोच दिवा पेटवून छातीशी धरला. ज्योत शांत जळत राहिली. लोकांचा जीव भांड्यात पडला.

आजी एवढंच म्हणाली, "सुभाना, एकदा खाली वाकून बघ."

तो वाकला नाही. सभा त्याच्या बाजूनं झाली होती, ती त्याला बिघडवायची नव्हती.

आठ दिवसांनी, भर दुपारी, त्याची चार वर्षांची नात अंगणात खड्यांनी खेळत होती. सुभानजी बाहेर आला तेव्हा ती मान टाकून बसलेली दिसली. डोळे अर्धवट उघडे, ओठ निळे. तिला उचलायला तो वाकला आणि त्याचा श्वासच अडला. आत ओढायला हवाच नव्हती. नातीला खांद्यावर टाकून तो चढण चढत सुटला. अर्ध्या वाटेवर ती रडू लागली, तेव्हा कुठं त्याचे पाय थांबले.

त्याच संध्याकाळी त्यानं सभा बोलावली. घडलं ते सांगितलं, सगळ्यांदेखत दिवा गुडघ्याखाली नेला. दिवा विझला.

"तेलात भेसळ नसेल कशावरून?" एकानं विचारलं.

"पोरीला ऊन लागलं असेल," दुसरा म्हणाला. "एका दिवसावरून घरं सोडायची?"

त्याचेच शब्द, त्याचाच ठेका, बोलताना उचललेलं बोटही त्याचंच. प्रत्येक तोंडातून आपणच बोलतोय असं त्याला वाटलं. ते प्रश्न त्यानं इतके पक्के घडवले होते की त्याला स्वतःलाच उत्तर सापडेना.

मग तो दारोदार फिरला, पाया पडला. भिवराआजी आणि लहान मुलं असलेली बावीस घरं त्याच्याबरोबर पठारावर आली. चाळीस घरं खालीच राहिली.

तिसऱ्या दिवशी वारा पूर्ण पडला, तळाशी साचलेली हवा हलवायला झुळूकही उरली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सुभानजी कड्यावर जाऊन उभा राहिला. खाली ऊन स्वच्छ पडलं होतं. घरं जागच्या जागी होती, पण एकाही चुलीचा धूर निघत नव्हता. गोठ्यात घंटा वाजत नव्हती. त्यानं एकेका घराला नावानं हाक मारायला सुरुवात केली. चाळिसाव्या घराचं नाव येईतो दुपार झाली. एकही दार उघडलं नाही.

पुढं पठारावर नवं गाव उभं राहिलं. सुभानजी तिथंही प्रश्न विचारीच, पण आधी स्वतः जाऊन बघून येई, आणि मगच तोंड उघडी.

म्हणून, लहानांनो आणि थोरांनो, शंका जरूर घ्यावी, पण उत्तर बघायला जो वाकत नाही, त्याची शंका दुसऱ्यांच्या जिवावर उठते.