साऱ्या चुलींचं जाळं

कमळांनी गच्च भरलेल्या एका तळ्याकाठी रेवता नावाची पोर राहायची. बाप पाण्याने नेलेला, आईचे हात मोळ्या वाहून सोललेले, धाकटा भाऊ भुकेने रडत रडत झोपणारा. तळ्यात मासे उदंड, पण मोठं जाळं एकट्या झिंगरूशेठचं. वस्तीतल्या ढिवरांनी ते ओढायचं, मोठाले मासे शेठच्या घरी जायचे आणि यांच्या वाट्याला काटे. त्यात शेठचा निरोप आला. पुनवेपासून रेवता माझ्या घरी राहून भांडी घासेल, तरच तिच्या घराला मासे मिळतील.

एका पहाटे रेवताच्या गळाला रुपेरी मासोळी लागली. पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. पोरीच्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू? पण तिने ती हळूच सोडून दिली. तोच एक गुलाबी कमळ उमललं आणि आतून इवलीशी परी निघाली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, त्यांवर निळे, हिरवे, सोनेरी दवाचे थेंबुले लुकलुकत होते.

"एक इच्छा माग, बाळा," परी म्हणाली. "एकटीसाठी मागशील तर आत्ता मिळेल. सगळ्यांसाठी मागशील तर मी नुसतं सूत देईन. वस्तीतल्या प्रत्येक चुलीने ते विणायचं, आणि सारखंच विणायचं."

रेवताला भावाचा चेहरा दिसला. मग शेजारच्या पोरांचेही दिसले.

"सूत दे," ती म्हणाली.

चांदण्यासारखं सूत घेऊन सारी वस्ती विणायला बसली. म्होरक्या आडकूमामाला वाटलं, आपलं घर मोठं, आपण दुप्पट विणावं. सूत त्याच्या बोटांतून सुळकन निसटलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मामा गुमान इतरांएवढंच विणू लागला.

पुनवेच्या आदल्या दिवशी जाळं पाण्यात पडलं. वर आलं ते रिकामं. मधोमध भलंमोठं भोक, आणि त्यावर कुणाचीच गाठ टिकेना. लोक परीला नावं ठेवू लागले. रेवताची आई मुकाट्याने लेकीचं गाठोडं बांधायला बसली.

"सयत्राआजीची चूल राहिली," रेवता म्हणाली.

बाईने नावेत पाय ठेवायचा नाही, अशी वस्तीची रीत. नवरा तापाने पडला तेव्हा सयत्रा एकटी नाव घेऊन तळ्यात गेली, म्हणून पंचांनी तिला वाळीत टाकलं होतं. तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी पीत नसे.

आडकूमामाने त्या गाठोड्याकडे पाहिलं. उठला, सयत्राच्या दारात गेला आणि प्यायला पाणी मागितलं.

"जाळ्याला भोक पडलं तेव्हा आठवले होय रे मी?"

"चुकलं आमचं, काकी. नावेतही तूच पुढे बस."

साऱ्यांदेखत तो पाणी प्यायला. सयत्राने आपल्या वाट्याचं विणलं, तसूभरही जास्त नाही. जाळं पुन्हा पडलं आणि वर येताना पाच जणांना ओढवेना. अंडीवाल्या मासोळ्या तळ्यात परत सोडल्या, उरलेल्यांचे चुलीगणिक सारखे वाटे केले.

सकाळी शेठचा माणूस रेवताला न्यायला आला. तिच्या दारात सारी वस्ती उभी होती. सयत्रा म्हणाली, "सांग जा तुझ्या शेठला, आपली भांडी आपण घासावी."

रेवता तळ्याकडे धावली. परी कमळावर बसली होती.

"आता माझं काय काम?" ती हसली, पंख पसरले आणि उजेडात उजेड होऊन विरून गेली. रेवताने डोळे चोळले. समोरून वस्तीची नाव निघाली होती, आणि वल्ही बायांच्या हातात होती.