आठवी पिशवी

भिंतीत होतं एक बीळ. बिळात राहायचा एक उंदीर. अंगठ्याएवढा. त्याचं नाव पिटुक.

पिटुक अंधाराला भ्यायचा. बाकीचे उंदीर अंधारात हुंदडायचे. पिटुक नाही. तो बिळाच्या तोंडाशी बसायचा. उजेडात. शेपूट पायाशी गुंडाळून.

घर होतं रेणूचं. आज रेणूचा वाढदिवस होता. चौथा.

सकाळपासून स्वयंपाकघरात गडबड.

"वहिनी, वडे किती करायचे गं?" आत्या म्हणाली.

"रेणू धरून मुलं सात," आई म्हणाली. "पण मुलांच्या आयाही खातात की!"

"आणि प्यायला?"

"थंडी फार आहे. केशर घालून गरम दूध देऊ."

"वाढदिवसाला दूध? मुलं पळून जातील, वहिनी!"

मग दोघींनी खाऊच्या पिशव्या भरल्या. लाल लाल पिशव्या. एकेका पिशवीत एक लाडू. एक राजगिऱ्याची वडी. एक पिपाणी.

मुलं सात. पण आईने पिशव्या बांधल्या आठ. आठवी अगदी छोटी.

"ही आठवी कुणाची?" आत्याने विचारलं.

आईचा हात थांबला. "अगं बाई," ती म्हणाली. "सवयीने बांधली. आबांची."

आत्या पुढे आली. तिने आठवी पिशवी उचलली. अलगद कपाटावर ठेवली.

आबा म्हणजे रेणूचे आजोबा. रेणूच्या प्रत्येक वाढदिवसाला ते एक छोटी पिशवी मागून घ्यायचे. काठी टेकत बिळापाशी यायचे.

टक. टक. टक.

"घ्या पिटुकराव," आबा म्हणायचे. "तुमचा वाटा."

पावसाळ्यात आबा गेले. परत आले नाहीत.

पण पिशवी होती! पिटुकने ती पाहिली. कपाटावर. लाल लाल. त्याच्या मिशा थरथरल्या.

"माझी," तो म्हणाला. "माझा वाटा."

दुपार झाली. बाबा आणि आत्या केक आणायला गेले. आई टेबलावर डोकं टेकून बसली. तिचा डोळा लागला.

घर गप्प झालं.

आणि कपाटावर काहीतरी सरकलं.

सर्रऽऽ... धप्.

पिशवी पडली. कपाटाच्या मागे पडली. तिथे होता अंधार.

तुरु तुरु तुरु. पिटुक कपाटापाशी गेला. फटीत डोकावला. काही दिसेना. अंधार जाड होता. गार होता.

"अंधारा अंधारा, पिशवी दे ना!"

अंधाराने पिटुकला नीट पाहून घेतलं. मग बोलला. खोल विहिरीतून बोलावं तसा.

"मी नाही देणार. दिवा पेटेल तर देईन."

आणि आत कुठेतरी वाजलं, टक.

पिटुक टुणकन मागे उडाला.

तुरु तुरु तुरु. पिटुक दिव्याकडे गेला.

रेणूच्या घरी वाढदिवसाला मेणबत्ती विझवत नाहीत. दिवा लावतात. रेणूला ओवाळतात. ताट तयार होतं. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, आणि मधोमध पितळी दिवा. न लावलेला. मिटलेल्या डोळ्यासारखा.

"दिव्या दिव्या, पेट ना!
अंधार पिशवी देईना."

"मी नाही पेटणार," दिवा म्हणाला. "वात कोरडी आहे. तूप वितळेल तर पेटेन."

तुरु तुरु तुरु. पिटुक तुपाकडे गेला.

तूप होतं वाटीत. वाटी होती खिडकीत. तूप थंडीने गोठलं होतं. पांढरं. घट्ट. पिटुकने त्यात पाहिलं. त्याला आपलं तोंड दिसलं नाही.

"तुपा तुपा, वितळ ना!
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

"मी नाही वितळणार," तूप म्हणालं. "गारठलंय मी. ऊन येईल तर वितळेन."

तुरु तुरु तुरु. पिटुक उन्हाकडे गेला.

ऊन पडद्यापलीकडे होतं. खिडकीबाहेर. हलत नव्हतं. बोलत नव्हतं. नुसतं उभं होतं.

"उन्हा उन्हा, ये ना!
तूप वितळेना,
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

"मी नाही येणार," ऊन म्हणालं. "वाट बंद आहे. पडदा सरकेल तर येईन."

तुरु तुरु तुरु. पिटुक पडद्याकडे गेला.

पडदा लांब होता. जमिनीपर्यंत. पडद्यामागे कुणी उभं आहे असं वाटलं. पिटुकने पाहिलं. कुणी नव्हतं.

"पडद्या पडद्या, सरक ना!
ऊन येईना,
तूप वितळेना,
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

"मी नाही सरकणार," पडदा म्हणाला. "आपण होऊन मी कधी सरकत नाही. वारा सुटेल तर सरकेन."

तुरु तुरु तुरु. पिटुक वाऱ्याकडे गेला.

खिडकीला होती एक फट. फटीबाहेर पेरूचं झाड. झाडात वारा बसला होता. दबा धरून. एक पान हलत नव्हतं.

"वाऱ्या वाऱ्या, सूट ना!
पडदा सरकेना,
ऊन येईना,
तूप वितळेना,
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

"मी नाही सुटणार," वारा कुजबुजला. "थंडीत मला कुणी बोलवत नाही. पिपाणी वाजेल तर सुटेन."

तुरु तुरु तुरु. पिटुक पिपाणीकडे गेला.

पिपाण्या होत्या मोठ्या खोलीत. तिथे फुगे टांगले होते. खाली सात छोट्या खुर्च्या मांडल्या होत्या. गोल. सगळ्या रिकाम्या. पिटुक आत आला. एक फुगा हळूच वळला. मग दुसरा वळला. मग सगळेच वळले. पिटुककडे.

पिटुकने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

सात पिशव्या ओळीत होत्या. पहिलीतून पिपाणी डोकावत होती. कागदाची जीभ गुंडाळून.

"पिपाणी पिपाणी, वाज ना!
वारा सुटेना,
पडदा सरकेना,
ऊन येईना,
तूप वितळेना,
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

"मी नाही वाजणार," पिपाणी म्हणाली. "मला फुंकर हवी. रेणू उठेल तर वाजेन."

तुरु तुरु तुरु. पिटुक रेणूकडे गेला.

रेणू दुपारची पलंगावर पडली होती. डोक्यावरून गोधडी घेऊन. गोधडी वर जायची. खाली यायची. वर जायची. खाली यायची.

"रेणू रेणू, ऊठ ना!
पिपाणी वाजेना,
वारा सुटेना,
पडदा सरकेना,
ऊन येईना,
तूप वितळेना,
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

"मी नाही उठणार," गोधडी म्हणाली.

म्हणजे रेणूच म्हणाली. गोधडीच्या आतून.

"आज तुझा वाढदिवस आहे," पिटुक म्हणाला.

"मला माहितेय. वाढदिवसाला आबा उठवतात. काठी वाजवून. तीन वेळा. काठी वाजेल तर मी उठेन."

"कुठे आहे काठी?"

"कपाटाच्या मागे," रेणू म्हणाली. "आईने ठेवली. ती दिसली की आईला रडू येतं."

पिटुकचे कान पडले.

कपाटाच्या मागे!

तुरु... तुरु... तुरु. पिटुक परत गेला. हळूहळू गेला. फटीपाशी उभा राहिला. अंधार तसाच होता. जाड. गार.

"काठी काठी, हल ना!
रेणू उठेना,
पिपाणी वाजेना,
वारा सुटेना,
पडदा सरकेना,
ऊन येईना,
तूप वितळेना,
दिवा पेटेना,
अंधार पिशवी देईना."

काठी काही बोलली नाही. काठ्या बोलत नाहीत.

अंधार बोलला.

"आत ये."

"मला भीती वाटते," पिटुक म्हणाला.

"ठाऊक आहे."

पिटुकने एक पाय आत ठेवला. गार. दुसरा ठेवला. आणखी गार. तिसरा. चौथा. शेवटी शेपूटही आत ओढून घेतलं. आता त्याला पिटुकही दिसेना.

त्याच्या नाकाला वास आला. निलगिरीच्या तेलाचा. आबा गुडघ्यांना तेच लावायचे.

मग काहीतरी लागलं. गुळगुळीत. लांब. काठी!

पिटुकने ढकलली. हलेना. पाय रोवून ढकलली. हलेना. पिटुक अंगठ्याएवढा. काठी केवढी!

तेवढ्यात आणखी कुणीतरी जोर लावला. पिटुकच्या शेजारून. अगदी शेजारून.

टक.

टक.

टक.

पिटुकने वळून पाहिलं. नुसता अंधार.

पण काठी वाजली!

काठी वाजली, तशी रेणू उठली. ताडकन! गोधडी एकीकडे, रेणू एकीकडे. धावत मोठ्या खोलीत गेली.

रेणू उठली, तशी पिपाणी वाजली. पीऽऽऽप!

पिपाणी वाजली, तसा वारा सुटला. सूंऽऽऽ!

वारा सुटला, तसा पडदा सरकला. फर्रर्र!

पडदा सरकला, तसं ऊन आलं. पिवळं पिवळं. पाय न वाजवता.

ऊन आलं, तसं तूप वितळलं. थुळुक थुळुक.

आणि आई जागी झाली.

"रेणू! पिपाणी आत्ताच वाजवलीस? अगं, मुलं यायची आहेत अजून!"

"आई," रेणू म्हणाली. "काठी वाजली."

"कुठली काठी?"

"आबांची. कपाटामागे. तीन वेळा."

आई उठून खिडकीपाशी गेली. मग तिने वाटी उचलली. वातीवर तूप ओतलं. काडी ओढली. खस्स!

तूप वितळलं, तसा दिवा पेटला. डोळा उघडावा तसा.

आईने दिवा हातात घेतला. कपाटापाशी गुडघ्यांवर बसली. दिवा फटीशी धरला.

दिवा पेटला, तसा अंधार हलला. मागे सरला. आणखी मागे सरला. कोपऱ्यात जाऊन बसला. मांजराएवढा झाला. मग मुठीएवढा.

फटीत उभी होती काठी. काठीखाली लाल लाल पिशवी. पिशवीला चिकटून पिटुक. डोळे घट्ट मिटून.

"घे रे," अंधार म्हणाला. फक्त पिटुकला ऐकू आलं. "मी घेतली नव्हती. सांभाळली होती."

पिटुक बिळात पळाला. आईने आधी पिशवी, मग काठी बाहेर काढली. कपाटामागे सगळीकडे धूळ होती. काठीवर नव्हती. आईने मुठीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. ती रडली नाही. काठी घेऊन मोठ्या खोलीत गेली. आणखी एक खुर्ची ओढली. मोठी. सात छोट्या, एक मोठी. मोठ्या खुर्चीला तिने काठी टेकवून ठेवली.

"आत्या विचारेल, आठवी खुर्ची कुणाची?" रेणू म्हणाली.

"सांग तिला," आई म्हणाली. "तुला ठाऊक आहे ना?"

पाच वाजले. केक आला. मुलं आली. आईने रेणूला ओवाळलं. मुलांनी वडे खाल्ले. दूध कुणीच प्यायलं नाही. फक्त आत्या प्यायली, दोन पेले! फुगे नुसतेच फुगे होते. कुणाकडेही वळत नव्हते.

मुलं पिशव्या घेऊन घरी गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सातवी रेणूने ठेवली.

मग रेणूने काठी घेतली. काठी तिच्याहून उंच होती. दोन्ही हातांनी धरली. बिळापाशी आली.

टक. टक. टक.

तिने आठवी पिशवी खाली ठेवली.

"घ्या पिटुकराव," रेणू म्हणाली. "तुमचा वाटा."

पिटुकने पिशवी बिळात ओढली. सर्र सर्र. लाडू बाहेर काढला. तो खाणार, इतक्यात थांबला.

त्याने लाडवाचा कण मोडला. छोटासा. तो तोंडात धरला.

तुरु तुरु तुरु. कपाटामागे गेला. थोडी भीती वाटली. थोडीच. अंधारात त्याने कण ठेवला.

"तुमचा वाटा," पिटुक म्हणाला.

आणि पळत परत आला. बिळाच्या तोंडाशी बसला. लाडू खाऊ लागला. कुटुम कुटुम.

काठी रेणूच्या हातात होती. रेणू पलंगावर झोपली होती.

तरी कपाटामागे हळूच वाजलं.

टक.

पिटुक दचकला नाही.

लाडू गेला पोटात. गोष्ट गेली उशीखाली.