जावेच्या वेणीतली नाचणी

लई लई वर्षांमागं, तुमच्या पणजोबाच्या पणजोबालाही दात फुटायचे होते तेव्हाची ही गोष्ट. समुद्राच्या पलीकडं, आफ्रिकेच्या मुलखात, एका रुंद नदीकाठी एक गाव होतं. आपली नाचणी मूळची तिकडचीच म्हणतात. तेव्हा भाकरी मोडताना त्या लोकांची जरा आठवण ठेवा.

त्या गावात देऊळ नव्हतं. लोक म्हणायचे, माणूस जन्माला येतो तेव्हा देव त्याच्या टाळूतून आत शिरतो आणि तिथंच मुक्काम ठोकतो. म्हणजे ज्याचं त्याचं डोकं हेच देऊळ. मग ते राजाचं असो, नाहीतर उवांनी भरलेलं. सकाळी उठलं की आधी आपल्या डोक्याला हात लावून नमस्कार करायचा, मग तोंड धुवायचं. दुसऱ्याच्या डोक्याला मात्र उगाच हात लावायचा नाही.

लावायचा तो वर्षातून एकदाच, वेणीच्या दिवशी.

त्यांची शेतं नदीपलीकडं. पूर ओसरला की सगळं गाव पाण्यात उतरून पेरायला जायचं. मागं एकदा सगळं बियाणं एका होडीत भरलं होतं. होडी उलटली आणि गावानं वर्षभर झाडपाला खाल्ला. तेव्हापासून बायकांनी रीत पाडली. गोल करून एकीमागं एक बसायचं. जिनं तिनं आपली नाचणी पुढचीच्या केसांत गुंफायची आणि वर बारीक, घट्ट वेण्या घालायच्या. आपलं बी आपल्या डोक्यात ठेवायचं नाही. का, ते सांगते. नदीत पुढचीचा पाय घसरला तर मागची तिचा हात सोडणार नाही. कशी सोडेल? तिच्या पोरांचा घास पुढचीच्या डोक्यात असतो.

पलीकडं गेलं की वेण्या सोडायच्या आणि जिचं बी तिला द्यायचं. जिच्या डोक्यातून सगळ्यांत जास्त नाचणी निघेल तिच्या गळ्यात कवड्यांची माळ पडायची. तिच्या डोक्याच्या नावानं गाणं व्हायचं, आणि पहिली मूठ पेरायचा मानही तिचाच.

त्या गावात दोन जावा होत्या. थोरलीच्या बोटांत जादू होती. तिनं घातलेली वेणी वाऱ्यानं सुटायची नाही, पाण्यानं सुटायची नाही. पण गोलात बसायचं ते घरातल्या मानानं. मागं सासू, मधे थोरली, पुढं धाकटी. त्यामुळं थोरलीची सगळी जादू धाकटीच्या डोक्यावर, आणि थोरलीच्या डोक्यावर सासूची बोटं. ती कशी होती म्हणाल, तर मुसळासारखी. तिनं वेणी घातली की डोक्यावर सरपणाची मोळी ठेवल्यागत दिसायचं, आणि निम्मं बी नदीपर्यंत जाता जाता वाटेवरच सांडायचं.

दरवर्षी माळ धाकटीला. बाया म्हणायच्या, काय डोकं आहे हो पोरीचं! वेणी कुणी घातली, ते कुणी विचारायचं नाही.

धाकटीही काही गरीब गाय नव्हती. माळ घालून मुद्दाम थोरलीच्या दारावरून पाण्याला जायची आणि मान चोळत विचारायची, "जाऊबाई, ही माळ सगळ्यांनाच एवढी जड होते, का मलाच?"

थोरलीची भाकरी तव्यावर करपायची आणि ती स्वतः तव्याबाहेर. माझी बोटं, अन् हिचं नाव! एकदा ती गोठ्यामागं लपून स्वतःच स्वतःची वेणी घालायला बसली. हात मागं नेले ते तिथंच अडकले, मान वाकडी झाली, आणि शेळी येऊन निम्मी नाचणी खाऊन गेली. मग सासूकडं जाऊन म्हणाली, माझी जागा तरी बदला, मला चांगल्या हाताची पाठराखीण द्या.

सासू म्हणाली, "गावात तुझ्याइतका चांगला हात कुणाचा आहे? स्वतःच्याच मागं जाऊन बस की."

त्या दिवशी थोरलीनं मनाशी ठरवलं, यंदा माळ माझ्या गळ्यात. आधी तिनं सासूला डिवचलं. म्हणाली, आत्याबाई, तुमच्या बोटांत आता जोर राहिला नाही. सासूला ते असं झोंबलं की बोटांत जोर यावा म्हणून महिनाभर ती नुसती दोऱ्या वळत बसली. आणि धाकटीच्या वेण्यांचं काय करायचं, ते थोरलीनं कुणाला सांगितलं नाही.

वेणीचा दिवस आला. सासूनं केस असे ओढले की थोरलीच्या भुवया कपाळावर चढल्या.

"लागतंय का गं?"

"नाही हो, आत्याबाई."

"मग अजून ओढते."

तिकडं थोरलीची बोटं धाकटीच्या केसांत चालली होती. वरून वेणी रेखीव, आतून सैल. टोकाला गाठ मारल्यासारखं करायचं, मारायची नाही. बोटं चालत होती आणि डोळ्यांपुढं कवड्या हलत होत्या. मांडीवरल्या सुपातली नाचणी स्वतःची, ती उचलून आपणच सैल केसांत ठेवतोय, हे त्या बाईच्या ध्यानातच आलं नाही. मत्सरानं पेटलेल्या माणसाला दुसऱ्याचा गळा दिसतो, आपला हात दिसत नाही.

सगळ्या हात धरून नदीत उतरल्या. पाणी गळ्याशी आलं, ओढ वाढली, आणि धाकटीची एक वेणी सुटली. मग दुसरी. मग सगळ्याच. पाण्यावर नाचणीची तांबडी रेघ ओढली गेली.

थोरलीला आधी काय वाटलं असेल? गुदगुल्या झाल्या बाईला. गेली हिची माळ! तेवढ्यात एक मासळी वर आली आणि मटकन घास घेऊन गेली. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. ती नाचणी कुणाची? तिची. तिच्या पोरांची. तिनं धाकटीचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी पाणी कवटाळायला लागली. हाताला पाणीच लागलं. धाकटीनं दोन गटांगळ्या खाल्ल्या. पुढच्या बाईनं ओढली म्हणून वाचली.

काठावर फडकी पसरली, वेण्या सुटल्या. धाकटीच्या केसांतून चार दाणे पडले. थोरलीच्या डोक्यातून मात्र सासूच्या नाचणीचा ढीग पडला. सासू आपल्या बोटांकडं कौतुकानं बघत म्हणाली, "जोर राहिला नाही म्हणे."

गावातली सगळ्यांत म्हातारी बाई उठली. तिनं माळ थोरलीच्या गळ्यात घातली, सगळ्यांनी थोरलीच्या डोक्याचं गाणं म्हटलं. मग म्हातारी म्हणाली, "टाक पहिली मूठ. आपल्या बियाची टाक."

पहिली मूठ स्वतःच्याच बियाची टाकायची, दुसऱ्याच्या चालत नाही. थोरली रिकामा हात घेऊन उभी राहिली.

"बी कुठाय तुझं?"

"नदीत गेलं."

सगळ्या धाकटीकडं बघायला लागल्या. धाकटी मोकळ्या केसांनी बसली होती, कपाळ मातीला टेकलेलं. पुटपुटत होती, माझ्यातला देव उठून गेला, माझ्या डोक्यानं जावेच्या पोरांचा घास राखला नाही. आणि त्या गावात जे डोकं बी राखत नाही, त्याच्यात पुन्हा कुणी बी ठेवायचं नाही. म्हणजे धाकटी जन्मभर गोलाच्या बाहेर.

थोरलीनं फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसली असती, तर ती माळ पुन्हा कधी धाकटीच्या गळ्यात पडली नसती.

तिनं खाली बघितलं. धाकटीचा भांग, कानामागचा तीळ, मानेवरला उलटा भोवरा. स्वतःचं डोकं मागून कसं दिसतं, ते थोरलीला ठाऊक नव्हतं, कुणालाच नसतं. एवढंच एक डोकं तिला पुरतं पाठ होतं. थोरलीला वाटलं, आपलाच देव आपल्यापुढं मातीत डोकं टेकून बसलाय.

तिनं माळ काढली.

"डोकं चांगलं आहे तिचं," ती म्हणाली. "गाठी मीच मारल्या नाहीत."

"का गं?"

"तिच्या गळ्यातली माळ बघवत नव्हती."

सासूनं धाकटीला उठवलं, बायांनी तिचे केस पुसले, तिला जवळ घेतलं. आणि खोटं कशाला सांगू, एवढं सगळं झाल्यावरही ते कौतुक बघून थोरलीच्या पोटात जरासं दुखलंच.

त्या वर्षी थोरलीच्या वावरात गवत वाढलं, आणि बाकीच्यांच्या वावरात नाचणी डोलली. थोरली आणि तिची पोरं वर्षभर धाकटीच्या चुलीवर जेवली. धाकटी एका शब्दानं रागावली नाही. रोज ताटात गरम भाकरी टाकायची आणि एवढंच म्हणायची, "पोटभर खा हो, जाऊबाई." त्या भाकरीचा पहिला घास थोरलीला रोज पाण्यानं गिळावा लागायचा.

म्हणून सांगते, दुसऱ्याची वेणी सैल करायला जाऊ नका, तिच्यात आपलीच नाचणी असते.