पाठमोरे गुरुजी

फार पूर्वी, शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला लोखंडाचा तुकडा असायचा, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक भडभुंजीण राहायची. तिची भट्टी पहाटेच पेटायची आणि तिचे खमंग फुटाणे चार गावांत प्रसिद्ध होते.

तिला एकच मुलगी होती. गावातली शाळा लहान, चार इयत्तांची. पुढे शिकायचं तर नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागे आणि तिथे तोंडी परीक्षा घेऊनच मुलांना घेत. मुलगी पहिल्या खेपेला हिशेबात नापास झाली होती. आता दुसरी खेप, आणि तिसरी खेप त्या शाळेत कुणालाच मिळत नसे. नाही जमलं तर जन्मभर भट्टीतली वाळू ढवळायची. मुलीला ते नको होतं आणि आईला तर त्याहून नको होतं.

"तुझ्यासाठी मी घरी शिकवणारे गुरुजी शोधीन," भडभुंजीण म्हणाली, "मग चपला झिजल्या तरी चालेल."

आणि तिने खरोखरच झिजवल्या. एक गुरुजी भेटले, ते पाढ्यांच्या आधी छडी दाखवत. दुसऱ्यांच्या ओसरीवर इतकी मुलं कोंबलेली, की मागच्याला पुढचं ऐकूही येत नसे. शेवटी तिसऱ्या गावात एक गुरुजी सापडले. विद्वान, मायाळू, तोंडावर सदा हसू आणि ओठांवर भरघोस मिशा. बाईने तिथल्या तिथे त्यांच्या उपरण्यात फुटाणे बांधले आणि त्यांना घेऊनच ती परतली.

गुरुजी रोज संध्याकाळी भट्टीजवळच्या पाटावर बसून शिकवू लागले.

"तेरा सक किती?"

"पंच्याहत्तर," मुलगी म्हणे. गुरुजींच्या कपाळावर आठी पडे. "नाही, शहात्तर…" मिशा खाली येत. "अठ्ठ्याहत्तर!" लगेच मिशा वर जात आणि गुरुजींचा चेहरा उजळे.

"शाब्बास!"

भट्टीसमोर आईला आनंदाने काय करू नि काय नको होई. आपल्याला हिरा सापडला, असं ती गिऱ्हाइकांना सांगत सुटली.

मग गावच्या शाळेतल्या मास्तरांनी सरावाची परीक्षा घेतली. हे मास्तर खिडकीबाहेर बघत प्रश्न विचारायचे. मुलगी उभी राहिली आणि तिला एकही उत्तर आलं नाही. एकही नाही!

भडभुंजीण संतापली. "घरी पोपटासारखी बोलतेस आणि शाळेत दातखीळ बसते? गुरुजींतच काही खोट असणार. उद्या दुसरे शोधते." तिने पायांत चपला सरकवल्याही.

मुलगी दारात आडवी उभी राहिली. खालमानेने, पण स्पष्ट म्हणाली, "आई, गुरुजी चांगले आहेत. मलाच हिशेब येत नाही. मला फक्त गुरुजींचा चेहरा वाचता येतो."

भडभुंजीण थबकली. रागावलेली बाई होती, पण मूर्ख नव्हती. तिने संध्याकाळी मुलीला गुरुजींसमोर उभं केलं. "मला सांगितलंस ते यांना सांग."

मुलीने सगळं सांगितलं. आठी पडली की आकडा बदलायचा आणि मिशा वर गेल्या की थांबायचं, हेही सांगितलं. मग हात जोडून म्हणाली, "गुरुजी, उद्यापासून माझ्याकडे पाठ करून बसाल?"

त्या गावात पाठ करून बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान होता. भांडलेले भाऊ पंगतीत तसे बसत. आणि गुरुजींना हे सांगत होती कोण, तर त्यांचीच विद्यार्थिनी! छडीवाले असते तर उठून चालते झाले असते. या गुरुजींनाही लागलं. पण ते उठले, त्यांनी पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"विचारतो," ते म्हणाले. "तेरा सक किती?"

"पंच्याहत्तर."

मुलगी आठी शोधू लागली, पण समोर नुसती पाठ होती. मग भिंतीकडूनच प्रश्न आला, "खात्री कशावरून?"

खात्री नव्हतीच. मग दहा सक वेगळे मोजा, तीन सक वेगळे मोजा, दोन्ही मिळवा, पुन्हा ताडून बघा, असं सुरू झालं. चार दिवसांनी गुरुजींच्या लक्षात आलं, की पोरगी आता त्यांच्या कानांकडे बघून उत्तर देते, कारण चूक झाली की त्यांचे कान हलायचे. त्यांनी भर उन्हाळ्यात डोक्याला उपरणं गुंडाळलं. येणारी-जाणारी माणसं हसू लागली, "अहो, भडभुंजणीचे गुरुजी रुसलेत वाटतं!" गुरुजी मागे वळले नाहीत.

चुका मात्र वाढल्या. कालपर्यंत रोज शाब्बासकी मिळवणारी पोर आता रडकुंडीला येऊ लागली. आईचा जीव तुटे. एकदा राहवलं नाही म्हणून ती मुद्दाम खोकली.

"आई, खोकू नकोस!" मुलगी ओरडली. "माझं मला करू दे."

भडभुंजणीने पदर तोंडात धरला आणि वाळू ढवळत राहिली. हरभऱ्याचा फुटाणा व्हायचा तर त्याला तापल्या वाळूत उतरावंच लागतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण पोटची पोर म्हणजे काही हरभरा नाही, म्हणून तिला ते फार जड गेलं.

परीक्षेचा दिवस आला. तिघंही नावेने नदीपलीकडे गेली. मोठ्या शाळेतले मोठे गुरुजी उंच बैठकीवर बसले होते. मुलीच्या आधीच्या मुलाने बरोबर उत्तर दिलं. मोठ्या गुरुजींनी नुसती भुवई वर केली, तर त्याने घाबरून ते बदललं आणि नापास झाला.

मग मुलीची पाळी आली.

"एका वाफ्यात सतरा रोपं, असे सहा वाफे. नऊ रोपं बकरीने खाल्ली. उरली किती?"

मुलीने डोळे मिटले, मनाशी मांडलं, मोडलं, ताडून पाहिलं. "त्र्याण्णव."

"त्र्याण्णव?" मोठ्या गुरुजींची भुवई वर गेली. कपाळावर आठी आली. आठी कसली, आठ्यांचं जाळंच. मुलीची जीभ दुसऱ्या आकड्याकडे वळत होती. तिने ती दाताखाली धरली, पाठमोरा पाट आठवला आणि म्हणाली, "हो. त्र्याण्णवच."

"बस," मोठे गुरुजी म्हणाले. "तुला शाळेत घेतलं."

मुलगी धावत बाहेर आली. आई दाराशी उभी होती, तिच्या गळ्यात पडली. गुरुजी मात्र पायरीवर बसले होते, सवयीने शाळेकडे पाठ करून, डोक्याला उपरणं गुंडाळून.

"गुरुजी, त्र्याण्णव!"

"खात्री कशावरून?" त्यांनी न वळताच विचारलं.

"दहा सक साठ, सात सक बेचाळीस, एकशे दोन. त्यातले नऊ गेले. मोठ्या गुरुजींनी आठ्या घातल्या, मी उत्तर बदललं नाही. त्यांनी मला घेतलं."

गुरुजी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसू लागले.

"आता वळा की," मुलगी म्हणाली.

गुरुजी वळले. मुलीने इतक्या दिवसांनी तो चेहरा सावकाश, मनसोक्त वाचला.

तात्पर्य: मुलासाठी शिक्षक शोधताना तो समोर असताना मुलाला किती येतं एवढंच पाहू नका, त्याने पाठ फिरवल्यावर किती येतं, तेही पाहा.